फारसीतलं 'कमी', 'चंद' आणि 'फारसं'

या वेळी आलेले प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: नेमका आकडा सांगायचा नसेल किंवा सांगता येत नसेल, तेव्हा फारसीत काय म्हणतात? उत्तरांत आजच्या इराणमधली, मुख्यतः तेहरानची बोली धरली आहे. उदाहरणांतला 'आ' मराठी 'ऑ'च्या जवळ नेऊन म्हणावा. 'क़' आणि 'ग़' तेहरानमध्ये सारखेच उच्चारतात, म्हणून दोन्हींसाठी 'ग़' लिहिला आहे. 'ज़' हा 'जीवन'मधला नव्हे, 'जरा'मधल्याच्या जवळचा.

'कमी पूल दारम' याचा अर्थ मी 'माझ्याकडे पैसे कमी आहेत' असा लिहिला आणि तो चुकीचा ठरला. पूल म्हणजे पैसे, दारम म्हणजे माझ्याकडे आहे. मग चुकलं कुठे?

चुकवलं ते मराठीतल्या 'कमी'नं. फारसीत 'कमी' दोन आहेत आणि लिहिताना ते सारखेच दिसतात. एक नाम आहे, अर्थ उणीव; त्यात जोर शेवटच्या 'मी'वर पडतो. दुसरा म्हणजे 'कम'ला अनिश्चिततेचा 'ई' लागून झालेला; त्यात जोर 'क'वर आणि अर्थ 'थोडंसं'. मराठीत आला तो पहिला. तुमच्या वाक्यात होता दुसरा. म्हणजे त्या वाक्याचा अर्थ 'माझ्याकडे थोडे पैसे आहेत', सूर सकारात्मक: चहा पिऊन येऊ, इतके तरी आहेत.

पैसे अपुरे आहेत असं सांगायचं तर शब्द मागे टाकायचा: 'पूल-ए कमी दारम'. मराठीत हा फरक आपण 'च'नं दाखवतो. 'थोडे पैसे आहेत' आणि 'थोडेच पैसे आहेत'. फारसीत 'च' नाही, जागा आहे. नामाच्या आधी 'कमी' आला तर 'थोडे'. नामाच्या नंतर, मध्ये जोडणारा 'ए' (एज़ाफ़े) घेऊन आला तर 'थोडेच'.

बोलताना मात्र नुसता 'कमी' फारसा ऐकू येत नाही. तिथे 'ये कम' चालतं ('ये' म्हणजे बोलीतला 'येक', एक). ये कम आब बेदे, थोडं पाणी दे. त्याच्याच जोडीचं 'ये ख़ोरदे', आणि त्याहून कमी म्हणजे 'ये ज़र्रे'. हे दोन्ही आपल्या घरातलेच: ज़र्रे म्हणजे कण, तोच आपला 'जरा', ख़ोरदे म्हणजे बारीक तुकडा, चुरा. वाण्याकडचा खुर्दा त्यातूनच आला, आणि गावांच्या नावांतलं 'खुर्द' त्याच कुळातलं. (बुद्रुक म्हणजे बोज़ोर्ग, मोठं. इराणात आजही मोठ्याला बोज़ोर्गच म्हणतात.)

लेखी भाषेत तीन शब्द वेगवेगळे ठेवा. मोजता न येणाऱ्या वस्तूला 'मेग़दारी': मेग़दारी आर्द, थोडं पीठ. मोजता येणाऱ्याला 'तेदादी': तेदादी केताब, काही पुस्तकं. आणि 'एद्देई' फक्त माणसांना. 'एद्देई केताब' लिहिलंत तर पुस्तकं हातपाय फुटून चालायला लागतील.

'चंद केताब' की 'चंद केताब-हा'? आणि 'चंद'चा अर्थ 'किती' का 'काही'?

'चंद केताब'. 'चंद'नंतर नाम एकवचनी, जसं कुठल्याही आकड्यानंतर असतं. चार पुस्तकं म्हणजे 'चहार केताब'. मराठी माणसाची जीभ इथे हमखास अनेकवचनाकडे वळते, कारण आपण 'काही पुस्तकं' म्हणतो. फारसीत 'हा' हा प्रत्यय बहुधा 'ती, आपल्याला ठाऊक असलेली' असा अर्थ घेऊन येतो, म्हणून अनिश्चित संख्येशी त्याचं पटत नाही. 'दहहा', 'सदहा', 'हेज़ारान' (दहांनी, शेकडो, हजारो) यांनाही हाच नियम: सदहा केताब.

बोलताना मध्ये 'ता' येतो: चंद ता केताब, से ता सीब (तीन सफरचंदं). हा 'ता' कुठे नको ते मात्र पाठ करा. काळाला आणि मापाला तो लागत नाही: चंद रूज़, चंद साल, दो कीलो. 'येक'लाही लागत नाही. 'येक ता' ऐकलं की समोरचा हसतो. एकच हवं असेल तर 'ये दूने' म्हणा. हा लेखी 'दाने', आपला दाणा.

माणसांना 'नफ़र': चंद नफ़र, काही जण. नफर हा शब्द मराठी कागदपत्रांत चाकर, शिपाई या अर्थानं भेटतो. फारसीत तो नुसता मोजण्याचा शब्द आहे, त्यात हलकेपणा नाही. सरकारी भाषेत उंटालाही नफ़र लागतं, गुरांना रअ्स (डोकं), कुत्र्याला ग़ल्लादे (गळपट्टा) आणि हत्तीला ज़ंजीर. बोलताना यांतलं काही लागत नाही. सगळ्यांना 'ता' चालतो.

अर्थ किती की काही, ते वाक्य ठरवतं. 'चंद रूज़ मीमानी?' म्हणजे किती दिवस राहणार? 'चंद रूज़ मीमानम' म्हणजे काही दिवस राहणार. आता 'काही दिवस राहणार का?' असं विचारायचं असेल तर? तिथे शेवटी 'ई' लावायचा: 'चंद रूज़ी मीमानी?' या 'ई'नं 'किती'ची शंकाच मिटते.

'चंदीन' मात्र कधीच प्रश्न विचारत नाही. तो 'चंद'पेक्षा वजनदार: चंदीन बार गोफ़्तम, किती वेळा तरी सांगितलं. आणि 'चंदोम' म्हणजे कितवा. हा शब्द इंग्रजीतून फारसी शिकणाऱ्यांना समजावताना शिक्षकांची दमछाक होते, कारण इंग्रजीत त्याला सरळ शब्दच नाही. मराठी माणसाला एका सेकंदात कळतो: एमरूज़ चंदोमे? आज कितवी तारीख?

न मोजता येणाऱ्या गोष्टींचं 'किती' वेगळं: चेग़द्र आब? बोलताना शेवटचा 'र' गळतो, नुसतं 'चेग़द'.

'दहाएक माणसं', 'पाच-सहा दिवस', 'पन्नास-साठ रुपये' हे फारसीत कसं म्हणायचं?

जोडअंक जवळजवळ आपल्यासारखेच. दो से ता, से चार ता, चार पंज ता. पुढचे बोलताना झिजतात: 'पंज शेश' हे 'पन शीश ता' होतं, 'हफ़्त हश्त' हे 'हफ़ हश ता'. लिहून पाठ केलेले अंक कानावर पडल्यावर ओळखू येत नाहीत ते यामुळे. दहाच्या पुढे उड्या मोठ्या: दह पूनज़दह ता (दहा-पंधरा), बीस सी ता (वीस-तीस).

आपलं 'दोन-चार' शब्दशः नेऊ नका. फारसीत शेजारचे अंक जोडतात, म्हणून तिथे 'दो से ता' किंवा 'से चार ता'. 'पाच-पन्नास'लाही जोडी नाही. 'ये आलमे' (ढीगभर) म्हणून मोकळं व्हावं.

'दहाएक'मधला 'एक' फारसीत पुढे येतो आणि मागे 'ई' लागतो: ये दह ताई. माणसं असतील तर ये दह नफ़री. मराठी 'एक' आकड्याच्या मागे, फारसी 'ये' आकड्याच्या पुढे. काम तेच, आकडा सैल करण्याचं.

लेखी भाषेत 'होदूद-ए दह नफ़र' (सुमारे दहा जण). हा मधला 'ए' विसरला जातो. तो नको असेल तर 'होदूदन' किंवा 'तग़रीबन' वापरा, त्यांना एज़ाफ़े लागत नाही.

वय किंवा वर्षं सांगताना एक खास शब्द आहे, 'अंदी'. हफ़्ताद ओ अंदी साल म्हणजे सत्तरच्या वर काही वर्षं. कोशांत 'अंद'ची मर्यादा तीन ते नऊ अशी दिली आहे. म्हणून ७१ वर्षांच्या आजोबांना 'हफ़्ताद ओ अंदी' म्हणण्यापेक्षा सरळ ७१ म्हणावं.

आपण 'सतराशे साठ भानगडी' म्हणतो तेव्हा कोणी मोजत नाही. फारसीत ते काम 'हेज़ार ओ येक' (एक हजार एक) करतं, आणि जुन्या भाषेत 'चेहेल', म्हणजे चाळीस. इस्फहानचा चेहेल सोतून हा महाल १६४७ साली शाह अब्बास दुसऱ्याच्या काळात पुरा झाला. नाव 'चाळीस खांब', दर्शनी दालनात खांब वीसच. उरलेले वीस समोरच्या तलावातल्या प्रतिबिंबाचे, असं तिथे सांगतात. तलाव नसता तरी नाव चाललं असतं, कारण 'चेहेल' म्हणजे पुष्कळ हा अर्थ भाषेत होताच.

पेशवेकालीन कागदांत 'बाजे लोक', 'बाजे खर्च' असं येतं. हा फारसीतला 'बाज़ी' का?

तोच, पण वाट बदललेला. फारसीत 'बअ्ज़ी' म्हणजे काही, सगळे नव्हेत. मराठी दफ्तरात 'बाजे'ला 'इतर, किरकोळ' असा अर्थ आला. बाजे खर्च म्हणजे वेगळ्या खात्यावर न पडणारा किरकोळ खर्च. आजच्या फारसीत हा अर्थ लावायला जाऊ नका.

वापरताना 'चंद'च्या उलटं करायचं: 'बअ्ज़ी'नंतर नाम अनेकवचनी. बअ्ज़ी केताब-हा, बअ्ज़ी वख़्त-हा (कधीकधी, बोलताना 'बअ्ज़ी वख़्ता'). 'चंद' नुसती संख्या सांगतो, 'बअ्ज़ी' एका समूहातून काही वेगळे काढतो. समूह डोळ्यांसमोर असतो म्हणून अनेकवचन. माणसांबद्दल बोलताना नामाचीही गरज नाही: बअ्ज़ीया मीगन, काही जण म्हणतात. छापील भाषेत 'बरख़ी' दिसतं, अर्थ तोच.

त्याच कागदांत 'दरमहा', 'दररोज' असेल. 'दर' हा फारसीत 'मध्ये'. 'प्रत्येक' या अर्थानं आपण तो पक्का केला. तेहरानात 'दर रूज़' म्हटलंत तर 'दिवसा, दिवसामध्ये' असं कळेल. दररोजला 'हर रूज़'.

'कोणीही' साठी 'हर कस' वापरायचं की 'हीच कस'?

मराठीत 'कोणीही' दोन्ही बाजूंना चालतं: 'कोणीही येऊ शकतं' आणि 'कोणीही आलं नाही'. फारसीत या दोन वाटा वेगळ्या आहेत. होकारी वाक्यात 'हर': हर कसी मीतवानद बियायद. नकारी वाक्यात 'हीच': हीचकस नयामद. म्हणून आधी क्रियापद ठरवा, मग शब्द निवडा.

'हीच' असला की क्रियापदही नकारीच. 'हीचकस आमद' हे विधान म्हणून चुकीचं. नकार एकदाच पुरे असं वाटणाऱ्यांची ही चूक. मराठीत 'कोणीच आलं' असं आपण म्हणत नाही, तसंच. वस्तूला 'हीची' (काहीच), जागेला 'हीचजा', वेळेला 'हीचवख़्त', समूहातल्या एकालाही नाही म्हणायला 'हीचकोदूम'. नामाबरोबर येताना नामाला 'ई' लागतो: हीच केताबी नदारम.

साधं 'कोणी' म्हणजे 'कसी': कसी हस्त? कोणी आहे का? आणि ओळख नसलेलं पण ठरलेलं 'कोणीतरी' म्हणजे 'येकी': येकी ज़ंग ज़द, कोणाचा तरी फोन आला होता.

'हर' आणि 'हमे' यांचीही गल्लत होते. 'हर'नंतर एकवचन: हर ख़ाने, प्रत्येक घर. 'हमे'ला एज़ाफ़े आणि अनेकवचन: हमे-ये ख़ानेहा, सगळी घरं. अपवाद ठरलेले आहेत: हमे चीज़ (सगळं), हमे जा (सगळीकडे). यांत एज़ाफ़े नाही, अनेकवचन नाही.

'खूप' हा फारसी शब्द आहे असं वाचलं. मग 'ख़ूब पूल दारम' का चालत नाही?

कारण फारसीत 'ख़ूब' म्हणजे चांगलं, एवढंच. चांगल्याचं पुष्कळ झालं ते इकडे आल्यावर. 'खूप'साठी तिथे 'ख़ेयली': ख़ेयली पूल दारम. तो नामाच्या आधी, कसलीही जोडणी न घेता येतो. दुसरा 'ज़ियाद' नामाच्या मागे, एज़ाफ़े घेऊन, आणि स्वतःला 'ई' लावून: पूल-ए ज़ियादी दारम. लेखी भाषेत 'बेस्यार'. गप्पांत 'कोल्ली': कोल्ली कार दारम, ढीगभर कामं आहेत.

'जास्त' तर तीन ठिकाणी फुटतो. तुलनेतलं जास्त 'बीशतर'. नुसतं पुष्कळ 'ज़ियाद'. आणि प्रमाणाबाहेरचं 'ज़ियादी'. आमटी 'ज़ियादी शूरे' म्हणजे खारट झाली आहे. 'ख़ेयली शूरे' म्हटलं तर खूप खारट आहे एवढंच कळतं, तक्रार आहे की नाही ते चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

'अंदाज' हाही फसवा. 'अंदाज़े' म्हणजे माप, आकार. चपलेचा अंदाज़े विचारला तर नंबर सांगा. आपल्या 'अंदाजे'साठी 'होदूदन' किंवा 'तख़मीनन'. मात्र 'बेसुमार' जवळपास जसाच्या तसा चालतो: बीशोमार. 'शोमार' म्हणजे मोजणी, त्यातूनच आपलं 'सुमारे'.

'फारसं चांगलं नाही' यातल्या 'फारसं'ला शब्द आहे का?

आहे, आणि बरोब्बर तसाच. 'चंदान'. चंदान ख़ूब नीस्त. 'फारसं' जसं नकाराशिवाय उभं राहत नाही, तसंच 'चंदान'. पण तो पुस्तकी आहे; रस्त्यावर 'ज़ियाद ख़ूब नीस्त' ऐकाल.

अनिश्चित 'ई' लिहायचा कसा?

व्यंजनानंतर नुसतं 'ये' हे अक्षर: केताब, केताबी. शेवटी न उच्चारली जाणारी 'हे' असेल तर तिच्यानंतर अलिफ आणि ये, मधे अर्धी जागा: ख़ाने, ख़ानेई. दीर्घ 'ऊ' किंवा 'आ' असेल तर दोन 'ये': दानेशजू, दानेशजूई. 'ई' आधीच असेल तर पुन्हा अलिफ-ये: संदली (खुर्ची), संदलीई.

विशेषण आलं की 'ई' विशेषणावर सरकतो: केताब-ए ख़ूबी, एक चांगलं पुस्तक. दोन्हींवर लावू नका. उच्चारात त्यावर जोर कधीच नाही. 'मर्दी'तल्या 'म'वर जोर दिला तर 'एक माणूस', शेवटच्या 'दी'वर दिला तर 'मर्दपणा'.

बाजारात 'किलोला किती', 'माणशी किती' हे कसं विचारायचं?

पुन्हा तोच 'ई'. कीलोई चंद? किलोला कितीला? दूनेई चंद? नगाला कितीला? नफ़री दो ता, माणशी दोन. औषधाच्या पुडीवर 'रूज़ी से बार', दिवसातून तीनदा. मराठी 'माणशी', 'दिवसाकाठी' जे काम करतात ते हा एक स्वर करतो.

दुकानदार 'चेग़द बेदम?' (किती देऊ?) विचारेल. नुसतं 'ये कम' म्हटलंत तर पुडी त्याच्या मनाप्रमाणे बांधली जाते, आणि त्याचं मन मोठं असतं. सुकामेव्यासाठी जुन्या मापांपैकी 'सीर' अजून ऐकू येतो: १ सीर म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम. आपल्या शेराशी त्याची गल्लत करू नका. १० सीर म्हणजे १ चारक (७५० ग्रॅम) आणि ४० सीर म्हणजे १ तबरीज़ी मण, सुमारे ३ किलो. आपल्या जुन्या मणाच्या बारावा हिस्सासुद्धा भरत नाही. केशर 'मेसग़ाल'वर: १ मेसग़ाल सुमारे ४.६ ग्रॅम. म्हणजे 'येक मेसग़ाल' मागितलं तर चिमूटभर नव्हे, बऱ्यापैकी डबी मिळते, आणि दामही तसाच.

जेवायला बसल्यावर यजमान वाढतच राहतात. नेमकं काय म्हणावं?

वाढण्याआधी: 'ये कम बेरीज़ीद', थोडं वाढा. 'कम-कम' म्हणू नका. त्याचा अर्थ 'हळूहळू', मग ते हळूहळू पण भरपूर वाढतील. अजून हवं असेल तर 'ये कम दीगे'. वाढलेलं जास्त वाटलं तर 'कमतर, लोत्फ़न'. आणि पुरे झालं की आपला ओळखीचाच शब्द, मागे एक 'ए' लावून: 'बसे'. एकदा म्हटल्यानं थांबत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणताना तळहात ताटावर धरावा.